नर्मदा परिक्रमा एकट्याने, पायी : सोय, धोके आणि तयारी

पायपीट

परिक्रमेवर अनुभवकथनाचे धागे पुष्कळ आहेत. पण एकट्याने निघायचं असेल तर नेमकं काय वेगळं करावं लागतं, ही माहिती सगळीकडे विखुरलेली आहे. ती एका ठिकाणी यावी म्हणून हा धागा. चमत्कार, दृष्टांत आणि 'मैयानेच बोलावलं' यासाठी दुसरे धागे आहेत, तिकडे जरूर लिहा. इथे फक्त कामाचं.

आधी गणित. नर्मदेची लांबी १३१२ किमी. दोन्ही तट धरले की २६०० च्या पुढे, आणि बर्गी, इंदिरा सागर, सरदार सरोवर या धरणांच्या फुगवट्यामुळे पडणारे वळसे वेगळे. परंपरेने ३ वर्षं ३ महिने १३ दिवस. आता बहुतेक जण एकाच हंगामात उरकतात. सरासरी २० किमी धरली तर चालण्याचेच १३०-१४० दिवस होतात. विश्रांती, आजारपण आणि समुद्राकडच्या नावेची वाट बघणं यांचे २५-३० दिवस धरले की पाच-साडेपाच महिने झाले. देवउठनी (कार्तिकी) एकादशीनंतर आठवडाभरात ओंकारेश्वर सोडलं तर साधारण एप्रिलअखेर परत. 'लग्नसराई उरकून डिसेंबरअखेर निघतो' म्हणणाऱ्याला शेवटचा टप्पा मे महिन्यात, हरदा-खंडव्याच्या उन्हात चालावा लागतो. पारा तेव्हा ४२-४४ ला असतो आणि दोन गावांमधल्या डांबरी रस्त्यावर सावली नसते. जथ्यात कुणाला ऊन लागलं तर चौघं उचलतात. एकट्याने म्हणून तारीख अजिबात पुढे ढकलू नये.

आता सोय. आश्रमात शिरलात की पहिला प्रश्न येतो, "कितनी मूर्ती?" म्हणजे किती जण. उत्तर 'एक' असलं की पुढे चर्चा होत नाही. पंधरा जणांचा जथा संध्याकाळी सहाला आला तर छोट्या आश्रमाची पंचाईत होते. शिधा पुरेल का, आसनं कुठे लावायची, इथपासून सुरुवात. एक माणूस ओसरीवर, शाळेच्या वऱ्हांड्यात, कुणाच्या पडवीत कुठेही मावतो. गावातली माणसं एकट्याशी बोलतातही जास्त, त्यामुळे पुढची वाट, कुठला पूल खचला, कुठे पाणी नाही, ही ताजी माहिती त्यालाच मिळते. वेग आपला, थांबा आपला.

काळजी म्हटलं की लोक चोर, जनावरं आणि भुताखेतांवर येतात. परिक्रमा अर्धवट सुटते ती पाय, पोट आणि ऊन या तिघांमुळे. जथ्यात निदान एक तरी खमका माणूस 'आज पुरे' म्हणतो. एकट्याला ते कुणी म्हणत नाही, म्हणून थांबायचे नियम घरूनच ठरवून निघायचं. पहिले दहा दिवस १२ ते १५ किमीच, कितीही हुरूप असला तरी. दुपारी चारनंतर नवा टप्पा सुरू करायचा नाही. सलग सहा दिवस चाललात की सातवा दिवस बसून.

प्रश्नचिन्ह

छान धागा, वाचनखूण साठवली. शूलपाणीच्या झाडीबद्दल, म्हणजे बडवानीच्या पुढच्या डोंगराळ जंगलाबद्दल सांगा ना. तिथे 'मामा' लोक (तिथले भिल्ल) लुटतात, लंगोटीवर सोडतात असं वाचलंय. एकट्याने त्या वाटेने जावं की शहादा-प्रकाशाच्या रस्त्याने?

नंदुरबारकर

लुटीचे किस्से जुन्या काळातले. आता तसं क्वचितच कानावर येतं. उलट पाड्यावरची माणसं चहा पाजून पुढच्या पाड्यापर्यंत पोरगं सोबत देतात. 'मामा लुटेंगे क्या' असं त्यांच्याच दारात विचारणारे महाभाग असतात, ते टाळा.

तिथली खरी अडचण वाटेची. सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा पूर्ण पातळीला, म्हणजे १३८.६८ मीटरला भरलं. काठाने जाणारी जुनी पायवाट पाण्याखाली आहे. आताची वाट डोंगराच्या कुशीने चढउतार करत जाते, आणि तिला गुरांच्या वाटांचे फाटे फुटतात. झाडांवर, दगडांवर रंगाचे बाण असतात, पण पावसाळ्यानंतर काही पुसलेले असतात. त्यामुळे :

पुढच्या पाड्याचं नाव विचारा, शेवटच्या गावाचं नाही. 'धडगाव किधर' म्हटलं की माणूस डांबरी रस्त्याकडे बोट दाखवतो, कारण तो स्वतः जीपने जातो. भादल, घोंघसा अशी जवळची नावं घेतली की पायवाट कळते. नकाशा बडवानीतच मोबाईलवर उतरवून घ्या. रेंज नसली तरी जीपीएस चालतं. विमान मोड लावून ठेवला की बॅटरी दोन दिवस टिकते. पाणी दोन लिटर पाठीवर हवंच. उन्हं यायच्या आत निघायचं आणि तीनला जिथे असाल तिथे मुक्काम, कारण पाडे विरळ आहेत आणि डोंगराआड अंधार लवकर पडतो.

आणखी एक, हे सहसा कुणी सांगत नाही. जलाशय दिवाळीच्या सुमारास भरलेला असतो, मग उतरायला लागतो. उघडी पडलेली गाळाची पट्टी वरून तडकलेली, वाळलेली दिसते. आत दलदल असते. वळसा वाचवायला तिच्यावरून चालायचं नाही. मांडीपर्यंत रुतलेल्या एकट्या माणसाला ओढायला कुणी नसतं.

रस्त्याचा पर्याय : बडवानी, पानसेमल, खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, खापर, सागबारा, डेडियापाडा, राजपीपळा. लांब आहे, ट्रक-ट्रॅक्टरची वर्दळ आहे, पण दवाखाने, एसटी, जेवण सगळं मिळतं. मधुमेह, हृदयविकार किंवा गुडघ्याचं दुखणं असलेल्या एकट्याने बिनदिक्कत हाच घ्यावा. झाडीतूनच जायचं असेल तर बडवानीच्या राजघाटावर एक-दोन दिवस थांबून तीन-चार जणांची सोबत धरावी आणि झाडीपलीकडे गेल्यावर सुटं व्हावं. परिक्रमेत ही पद्धत रूढ आहे, कुणाला राग येत नाही.

(अवांतर : महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला नर्मदेचा काठ सगळा याच डोंगरात आहे. इथे पावरी आणि भिलोरी बोलतात, पण मराठी समजते.)

जुनाजाणता

माझं स्पष्ट मत : साठीपुढच्यांनी एकट्याने जाऊ नये. आश्रमात सोय होते ते खरं, पण आंघोळीचं काय? परिक्रमावासी पहाटे अंधारात, निर्मनुष्य घाटावर उतरतो. वर धरणं आहेत. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की खालची पातळी बघता बघता वाढते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला जत्रेच्या गर्दीत इंदिरा सागरचं पाणी आलं आणि कितीतरी भाविक वाहून गेले. तिथे हजारो माणसं होती, तरीही हे झालं. एकटा गेला तर पत्ताही लागायचा नाही.

पायपीट

@जुनाजाणता काका, धोका सोळा आणे खरा आहे, पण उपाय सोपा आहे. पाण्यात उतरायचंच नाही. घाटाच्या कोरड्या पायरीवर बसून लोट्याने आंघोळ. शास्त्राला चालतं आणि जीवही राहतो. ओंकारेश्वर, पुनासा (म्हणजे इंदिरा सागर), बर्गी या धरणांच्या खालच्या अंगाला भोंगा वाजला की सामान सोडून वर यायचं. कपडे नंतर. खडकांच्या मधल्या बेटासारख्या जागी ध्यानाला बसायचा मोह होतो, तिथेच माणसं अडकतात. गुजरातेत मगरींचाही विचार करा. केवडियाच्या तळ्यांतून २०१९ मध्ये मगरी पकडून हलवल्या होत्या, यावरून काय ते समजा. घाट सोडून झाडोऱ्यातल्या काठाला पाण्याजवळ बसू नये. आणि पहाट कशाला? उजाडल्यावर, गावातले लोक घाटावर आले की त्यांच्यात आंघोळ करावी.

वयाची अट मात्र मला पटत नाही. आपल्या शरीराची खोड ओळखणारा पासष्टीचा माणूस पंचविशीतल्या वेगवान पोरापेक्षा सुखरूप जातो.

डॉ. निवांत

तब्येतीचं एकत्र लिहितो.

*फोड.* बूट नेहमीपेक्षा एक माप मोठे घ्या, पाय संध्याकाळपर्यंत सुजतो. चालताना एखादी जागा गरम, चुरचुरीत लागली की पुढच्या दहा मिनिटांत थांबून तिथे मायक्रोपोर किंवा झिंक ऑक्साईडची चिकटपट्टी लावा. 'पुढच्या गावात बघू' यातच फोड होतो. झाला तर सुई ज्योतीवर तापवून, गार करून फोडाच्या कडेला टोचा, पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा, पट्टी लावा. कातडी सोलली की चार दिवस बसावं लागेल.

*हाडाची चीर.* रोज जास्त चालल्याने नडगीच्या किंवा पंज्याच्या हाडाला बारीक चीर जाते. ओळखायची खूण : एका बोटाने दाबून दाखवता येईल अशी नेमकी जागा दुखते, आणि झोपल्यावरही दुखते. स्नायूंचं दुखणं पसरट असतं आणि थोडं चाललं की सैल होतं. चिरेवर चालत राहिलात तर हाड मोडू शकतं. सहा ते आठ आठवडे थांबण्याला पर्याय नाही. 'परिक्रमा खंडित होईल' या धास्तीने लोक गोळ्या खाऊन चालतात. थांबलेली परिक्रमा पूजा करून त्याच ठिकाणाहून पुढे सुरू करतात.

*जुलाब.* ओआरएसची एक मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या पेल्यात अर्धी पुडी असं नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्त पडलं, ताप आला किंवा आठ तास लघवी झाली नाही तर चालणं बंद, पुढच्या मिळेल त्या वाहनाने दवाखाना.

*कुत्रा.* हातात दंड (काठी) असतो तो यासाठीही. चावला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी लस. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. तुम्ही रोज गाव बदलणार, म्हणून लसीचं कार्ड जपा आणि पुढचा डोस कुठल्या गावात येईल हे तिथेच विचारून टप्पे आखा. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं, ते मोठ्या रुग्णालयात मिळतं.

*मधुमेह.* गोळी घेऊन, एकादशीचा उपास धरून २० किमी चालणं म्हणजे साखर खाली जायला आमंत्रण. जथ्यात कुणी ओळखतं, एकटा दारुड्यासारखा रस्त्याकडेला पडतो आणि लोक वळसा घालून जातात. खिशात खडीसाखर, गळ्यात प्लास्टिकमध्ये कार्ड : नाव, रक्तगट, आजार, औषधं, घरचे दोन नंबर. हिंदीत लिहा. गोळ्यांचा डोस निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, चालणं इतकं वाढलं की बहुधा कमी करावा लागतो.

शेवगा

डॉक्टरसाहेबांच्या खडीसाखरेनंतर आता शिधा :)

सगळीकडे तयार भोजनप्रसादी नसते. काही ठिकाणी सदाव्रत मिळतं, म्हणजे कोरडा शिधा. आटा, डाळ, तांदूळ, मीठ-मिरची, कधी तेल. शिजवायचं आपण. जथ्यात कामं वाटली जातात, एकट्याला लाकडं, पाणी, चूल, भांडी सगळं. वीस किमीनंतर टिक्कड (जाड रोट्या) थापायचा उत्साह राहत नाही, त्यामुळे खिचडी हाच शहाणपणा.

एका माणसाला दोन मुठी तांदूळ, एक मूठ मूगडाळ, साधारण १५० ग्रॅम मिळून. पाणी पाऊण लिटर. दीड लिटरचं ॲल्युमिनियमचं पातेलं आणि त्याचं झाकणच ताट. तीन दगडांच्या चुलीवर २५-३० मिनिटं. तूरडाळ मिळाली तर पोहोचल्या पोहोचल्या आधी भिजत घाला, नाहीतर तासभर जाळ घालत बसाल. चुकतं ते असं : जाळ मोठा, पाणी कमी, खाली करपतं आणि वर कच्चं राहतं. पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा लेप दिला की काजळी घासायला लागत नाही.

ओझं सहा किलोच्या वर जाऊ देऊ नका, पाणी वेगळं. झोपायची पिशवी किंवा कांबळं १२०० ग्रॅम, अंथरायचा पातळ फोम ३००, कपड्यांचा एक जोड अंगावर आणि एक पिशवीत, स्वेटर, कानटोपी, पातेलं-वाटी-चमचा ४५०, औषधं ३००, पॉवरबँक १०,००० एमएएचची, सुई-दोरा, नायलॉनची दोरी पाच मीटर, विजेरी डोक्याला बांधायची. अमरकंटक हजार मीटरहून उंच आहे, फेब्रुवारीतही रात्री दातखीळ बसते. 'थंडी संपली' म्हणून जबलपूरला स्वेटर वाटून टाकू नका. बुटांचा जोड साधारण ८०० ते १००० किमी टिकतो. भरूच आणि जबलपूर, दोन्ही ठिकाणी माप बघून घेता येतो.

गोदाकाठची

बायकांनी एकटीने जाण्याबद्दल. जातात, पूर्ण करतात, तटावर 'माताजी' म्हणून मान मिळतो. पण आंधळा विश्वास नको.

मुक्कामाला चारपर्यंत पोहोचायचं, म्हणजे जागा पटली नाही तर पुढे किंवा मागे जायला उजेड उरतो. जिथे एकच बाबाजी राहतात अशा कुटीत मुक्काम नाही, मग ते कितीही नावाजलेले असोत. पाणी प्यावं, नर्मदे हर म्हणावं, निघावं. आश्रमात स्वयंपाकघरात बाई आहे का ते आधी बघा. नसेल तर गावात सरपंचांचं, शाळेच्या बाईंचं किंवा अंगणवाडी ताईंचं घर विचारा. बहुतेक ठिकाणी घरातच झोपायला बोलावतात. रस्त्यात 'माताजी, गाडी पे छोड दूँ' म्हणणाऱ्याला 'पैदल का संकल्प है' एवढं उत्तर पुरतं. 'अकेली हो?' या प्रश्नावर 'पीछे लोग आ रहे हैं' म्हणायला हरकत नाही. खोटं बोलल्याचं पाप मैया बघून घेईल.

पाळीच्या दिवसांत काही आश्रम पूजेला, चुलीपाशी येऊ देत नाहीत. तिथे वाद घालण्यात शक्ती घालवू नका. त्या सुमाराला मोठं गाव येईल असा अंदाज ठेवून धर्मशाळेत दोन-तीन दिवस खोली घ्या, तेवढीच विश्रांती. पॅड खेड्यातल्या दुकानात मिळतीलच असं नाही, एका महिन्याचा साठा जवळ हवा. वापरलेले कागदात गुंडाळून मोठ्या गावापर्यंत न्यायचे, नदीत किंवा शेतात नाही. गुजरातेत १८१ ही महिला हेल्पलाईन चांगली चालते, बाकी सगळीकडे ११२.

दर्यावर्दी

नावेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. दक्षिण तट संपतो तिथे विमलेश्वर, पलीकडे उत्तर तटावर मीठी तलाई, मध्ये खंभातचं आखात. तीन-चार तास लागतात. नाव घड्याळावर सुटत नाही, भरतीवर सुटते, आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणून कधी पहाटे तीनला उठवतात, कधी भर दुपारी. या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड आहे. पाणी उतरलं की नाव गाळात बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. दोन दिवसांची वाट धरून चाला.

पोहोचल्याबरोबर नाव नोंदवा, ओळखपत्र लागतं. एकट्याचा इथे फायदा होतो, भरत आलेल्या नावेत एक जागा निघते. पण नाव जास्त भरली आहे असं वाटलं तर उतरून पुढची घ्यायची हिंमत ठेवा. जथ्याला ते जमत नाही, एकट्याला जमतं. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि बांधा, उशाला घेऊ नका. मळमळत असेल तर उलटीची गोळी बसायच्या आधी अर्धा तास, पोटात हलकं काहीतरी. मोबाईल आणि आधार दोन प्लास्टिक पिशव्यांत. पलीकडे चिखलात उतरावं लागू शकतं, बूट गळ्यात.

लेक

वडील ६३ वर्षांचे, रोज आठ-दहा किमी चालतात, बीपीची एक गोळी आहे. एकट्यानेच जायचं म्हणतात. आईला झोप नाही. घरच्यांनी काय करावं?

पायपीट

ताई, त्यांना आधी छोटी परीक्षा द्यायला सांगा. चैत्रात गुजरातेत तिलकवाडा-रामपुरा इथे उत्तरवाहिनी परिक्रमा असते, एका दिवसात होते. त्यानंतर ओंकारेश्वर ते बडवानी एवढाच टप्पा, पूर्ण ओझ्यासह. वाटेत रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी आहे, मुक्कामही चांगला. एवढ्यात पाय, पोट, झोप तिन्ही कळतात. न जमल्यास घर एका रात्रीवर आहे. बीपीची गोळी लघवी वाढवणारी आहे का ते डॉक्टरांना विचारा, उन्हात तशा गोळीने चक्कर येते.

संपर्काचा नियम लेखी ठरवा. संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर एक मेसेज : गावाचं नाव, आश्रमाचं नाव, उद्या कुठे. फोन नाही, मेसेजच, कारण कमी रेंजमध्ये मेसेज जातो आणि फोन लागत नाही. २४ तास काही आलं नाही तर काळजी करायची नाही. ४८ तास झाले तर शेवटच्या आश्रमात फोन करायचा, म्हणून आश्रमाचा नंबर रोज मेसेजमध्ये हवा. ७२ तासांनी त्या ठाण्याच्या पोलिसांना. शूलपाणी आणि नाव या दोन ठिकाणी मुदत आधीच वाढवून ठेवा. हा नियम नसला की आई तासातासाला फोन लावते, वडील वैतागून मोबाईल बंद ठेवतात आणि मग खरंच काही झालं तरी कळत नाही.

रोख दोन हजार सुट्ट्या नोटांत, दोन ठिकाणी विभागून. घरचे नंबर कागदावर. आधारच्या तीन प्रती आणि चार फोटो. ग्रामपंचायतीचा किंवा नगरसेवकांचा ओळखीचा दाखला जवळ असावा. परिक्रमेच्या वहीवर मुक्कामांचे शिक्के घेत राहावे. ओळख पटवायला तेच कामी येतात.

प्रश्नचिन्ह

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न, ओंकारेश्वरला पोहोचायचं कसं आणि पहिल्या दिवशी काय काय?

नंदुरबारकर

भुसावळमार्गे खंडवा स्टेशन, तिथून सनावद-मोरटक्का करत बस, सत्तरेक किमी. इंदूरहूनही बस आहेत. ओंकारेश्वराचं दर्शन संकल्पाच्या आधी उरकून घ्या, ते बेटावर आहे. संकल्प झाला की नर्मदा ओलांडता येत नाही, म्हणजे तो पूलही बंद. ममलेश्वर दक्षिण तटावरच आहे, ते केव्हाही. गोमुख घाटावर पूजा, कढाई (शिऱ्याचा नैवेद्य), कुपीत जल. पूजेचा खर्च गुरुजींशी बसायच्या आधी बोलून घ्या. त्या दिवशी सकाळचे दहा वाजून गेले असतील तर निघू नका, दुसऱ्या दिवशी उजाडताच निघा. मोरटक्का १२-१३ किमी, पहिल्या दिवसाला तेवढं बास.